पालीच्या शीवरचा पांढरा ठिपका

तीनचाकी

मंडळी, विषय जरा घाण आहे, जेवताना वाचत असाल तर आत्ताच मागे फिरा, नंतर मला बोलू नका.

आमच्या ट्यूबलाइटमागे एक पाल राहते, भाडं न देता, गेली दोन वर्षं. ती रोज सकाळी ओट्याच्या कडेला आपला कार्यक्रम उरकून जाते आणि मी रोज कपाळाला आठ्या घालून पुसते. परवा चिरंजीव (वय सात) ओट्यावर हनुवटी टेकवून ते निरखत होते. म्हणे, आई, हे काळं आहे पण टोकाला पांढरं का आहे? मी म्हणलं असेल काहीतरी, हात लावू नकोस. तर पुढचा प्रश्न, पाल सू कधी करते? तू कधी पालीची सू पुसलीस का?

आणि खरंच हो, नाही पुसली कधी! इतकी वर्षं पालीची शी पुसतेय पण ओलं म्हणून कधी काही दिसलं नाही. नवरा म्हणाला गूगल कर, पण मला माणसांकडून ऐकायचंय. सांगा बघू कोणीतरी, सात वर्षाच्या पोराला कळेल असं.

हळदीचा डाग

संध्याकाळची पोळी-भाजी हातात आहे आणि हा धागा उघडला. माझीच चूक.

खडूफळा

तीनचाकी, तुझ्या मुलाला माझ्याकडून एक चॉकलेट. तीस वर्षं नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवलं, असा प्रश्न वर्गात फार कमी वेळा आला.

तो पांढरा ठिपका हीच पालीची सू आहे. काळा भाग म्हणजे न पचलेले किडे, त्यांचे पंख, पाय वगैरे. पांढरा भाग म्हणजे युरिक ॲसिड, जवळजवळ कोरडं, खडूच्या भुकटीसारखं. दोन्हीला बाहेर पडायला दार एकच, पुस्तकात त्याला अवस्कर म्हणतात.

आता जरा मास्तरकी करते, सवय जात नाही. शी आणि सू या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. शी म्हणजे जे अन्न शरीराचं कधी झालंच नाही, एका टोकाने आत गेलं आणि बरंचसं तसंच दुसऱ्या टोकाने बाहेर आलं. खरं उत्सर्जन म्हणजे शरीराच्या आत, पेशींमध्ये तयार झालेला कचरा बाहेर टाकणं. आपण श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो तेही उत्सर्जनच. पण सगळ्यात डोकेदुखीचा कचरा म्हणजे नायट्रोजन. डाळ खा, अंडं खा, किडा खा, प्रथिनं मोडली की त्यातून अमोनिया निघतो आणि तो विषारी, साठवून ठेवायची सोय नाही.

मग तो टाकायचा कसा, हे तुमच्याकडे पाणी किती आहे त्यावर ठरतं. अमोनियाच्या रूपात टाकायचा तर १ ग्रॅम नायट्रोजनमागे साधारण अर्धा लिटर पाणी लागतं. त्याचा युरिया केला तर ५० मिलिलिटरच्या आसपास. युरिक ॲसिड केलं तर १० मिलिलिटर पुरतं, कारण ते पाण्यात विरघळतच नाही फारसं. पाण्यात राहणाऱ्याला उधळपट्टी परवडते म्हणून मासा सरळ अमोनिया सोडतो, तोही बराचसा कल्ल्यांतून. आपण मधले, आपलं यकृत अमोनियाचा युरिया करतं. पाल, साप, चिमणी, कबुतर ही सगळी काटकसरी मंडळी.

तीनचाकी

बाई!! म्हणजे बाल्कनीत कबुतरांनी जे पांढरं रंगकाम केलंय ती सगळी सू??

खडूफळा

पांढरा भाग, हो. गाडीवर पडलेलं वेळेत पुसलं नाही तर रंगाला डाग पडतो त्यातही त्या ॲसिडचा हात आहे. आणि बाल्कनीतलं वाळलेलं कधी कोरडं झाडू नकोस, आधी पाणी मार. ती धूळ फुप्फुसाला वाईट.

मस्कतकर

मस्त धागा. पण बाई, पक्ष्यांना पाण्याची काटकसर कशाला? चिमणीला पाणी मिळतंच की. मला वाटायचं वजनाचं असेल, उडायचं तर मूत्राशय भरून कोण हिंडणार.

खडूफळा

वजनाचा मुद्दा आहेच, पण मला स्वतःला अंड्याचं कारण जास्त आवडतं. विचार करा, पिल्लू अंड्यात तीन आठवडे बंद (कोंबडीचं म्हणतेय). प्रथिनं वापरून वाढतंय, म्हणजे कचराही होतोय, आणि बाहेर टाकायला वाट नाही. कवचातून हवा जाते, सांडपाणी जात नाही. अमोनिया असता तर पहिल्या काही दिवसांतच मेलं असतं, युरिया असता तर त्याच पाण्यात विरघळून साठत गेला असता. युरिक ॲसिडचे कण कसे, एका पिशवीत कोपऱ्यात पडून राहतात, कुणाला त्रास नाही, आणि पिल्लू बाहेर आलं की कवचाबरोबर ती पिशवीही मागेच. पालीचं अंडं तसंच. आपल्या बाळांना ही कटकट नाही, नाळेतून सगळं आईकडे, आईच्या किडन्या दोघांचं काम करतात.

तीनचाकी

नऊ महिने दोघांचं आणि पुढे अठरा वर्षं त्याची चड्डी. कळलं.

खाडीकाठ

आता मासे निघालेच आहेत तर आमच्या मोरीबद्दल सांगतो. मोरी म्हणजे न्हाणीघरातली नव्हे, मुशी म्हणतात मुंबईकडे, छोटा शार्क. बाई म्हणाल्या मासा अमोनिया सोडतो, पण ही बया वेगळीच. हिच्या रक्ता-मांसात युरिया मुद्दाम साठवलेला असतो. कारण समुद्र बाहेरून खारट, अंगातलं पाणी ओढून घेणार, मग ही आतूनच रक्त युरियाने घट्ट करून ठेवते म्हणजे ओढाताण मिटली. बाकीच्या समुद्री माशांना ते जमत नाही, ते बिचारे सतत खारं पाणी पितात आणि जादाचं मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकत बसतात.

आता हे मला कॉलेजात कळायच्या आधी आजीला माहीत होतं, शब्द वेगळे एवढंच. आजी मोरी घेताना आधी वास घ्यायची. ताजी असली तर काही नाही, पण जरा वेळ गेला की मुतारीसारखा नाकात झोंबणारा वास येतो, बॅक्टेरिया त्या युरियाचा अमोनिया करतात म्हणून. मग कोळणीशी तिचं जे चालायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी आणली की कढत पाणी ओतून पॉलिशपेपरसारखी कातडी घासून काढायची, तुकडे दोन-तीन पाण्यातून धुवायचे, मग हळद-मीठ-कोकम. आमच्याकडे बाळंतिणीला आवर्जून देतात. कुणी म्हणेल शार्क खाऊ नका, कमी झालेत, खरंय ते, मीही आता वर्षातून एखाद्या वेळी. पण वास सांगायचा राहिला होता.

हळदीचा डाग

एसटी स्टँडवरचा तो सुप्रसिद्ध वास पण हाच का मग?

खाडीकाठ

तोच की. ताज्या लघवीला एवढा वास नसतो. भिंतीवरचे बॅक्टेरिया नंतर युरिया फोडून अमोनिया काढतात, तो डोळ्यात जातो.

काचेतला मासा

खडूफळा बाईंचा पहिला प्रतिसाद मला चार वर्षांपूर्वी वाचायला मिळाला असता तर माझे सहा गोल्डफिश आज जिवंत असते. सांगतोच. नवी टाकी आणली, दोन फुटी, पाणी भरलं, दुकानदार म्हणाला लगेच सोडा मासे काही होत नाही. सोडले. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, कल्ले लालभडक. मला वाटलं घाण झाली असेल म्हणून टाकी पूर्ण रिकामी केली, दगड घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पिळून पिळून पांढराशुभ्र केला, नवीन पाणी. आठवड्यात सगळे गेले. टाकी इतकी लखलखीत होती की काय सांगू.

नंतर कळलं. मासे जो अमोनिया सोडतात तो तळ्यात-नदीत वाहून जातो, बॅक्टेरिया खाऊन टाकतात. टाकीत ते बॅक्टेरिया वसायलाच चार ते सहा आठवडे लागतात, एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट, जे बरंच कमी विषारी. आणि ते राहतात कुठे तर त्या स्पंजवर, जो मी धुतला. म्हणजे मासे स्वतःच्याच सूमध्ये गुदमरले आणि सफाई कामगार मी हाकलून दिले. आता दर आठवड्याला फक्त पाव टाकी पाणी बदलतो आणि स्पंज त्याच टाकीच्या काढलेल्या पाण्यात हलकेच बुचकळतो. काळपट दिसतो, दिसू दे.

तांब्याभांडं

छान माहिती सगळ्यांची. मी यात एवढंच म्हणेन की आपणही शरीराची सफाई अधूनमधून करायला पाहिजे. मी गेले सहा महिने रात्री काकडी-लिंबू-पुदिना पाण्यात घालून सकाळी उपाशीपोटी घेते, टॉक्सिन्स निघून जातात, शिवाय भरपूर घाम येईल असा व्यायाम, घामातून बरंच बाहेर पडतं. दिवसाला पाच-सहा लिटर पाणी. चेहरा बघा एकदा माझा.

हळदीचा डाग

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खडूफळा

तांब्याभांडं, चेहऱ्याबद्दल काही म्हणत नाही, उजळला असेल. पण टॉक्सिन म्हणजे नेमकं कोणतं, हे मला आजवर एकाही डीटॉक्सवाल्याने सांगितलेलं नाही. युरियाचं मी सांगू शकते. यकृत अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड जोडून तो कसा करतं हे हान्स क्रेब्झ आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये शोधलं. तो रक्तातून किडनीत येतो. एकेका किडनीत सुमारे १० लाख बारीक गाळण्या, दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटर गाळतात. ऑफिसात पाण्याचा २० लिटरचा जार असतो ना, तसे नऊ जार. आणि त्यातलं ९९ टक्के परत रक्तात घेतात, उरतं दीडएक लिटर. पुदिन्याची दोन पानं यात काय भर घालणार?

घाम मुख्यतः अंग गार करायला. त्यात युरिया असतो, पण नावापुरता. आणि पाच-सहा लिटर पाणी गरज नसताना रोज पिऊ नये, तहान लागेल तसं प्यावं, थोड्या वेळात फार पाणी प्यालं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

तांब्याभांडं

पण मला बरं वाटतं.

खडूफळा

मग काकडीचं पाणी प्या की, छानच लागतं. फक्त त्याला सफाई म्हणू नका.

स्लो लोकल

बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो.

बाबा गेली अडीच वर्षं डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. खडूफळा बाई, तुमचे ते नऊ जार वाचून मी हिशेब केला. आठवड्याचे तास १६८. चांगली किडनी १६८ तास काम करते, बाबांचं मशीन १२ तास. उरलेले १५६ तास सगळं अंगातच.

त्यामुळे आमच्या घरात पाणी मोजून आहे. सकाळी एक बाटली भरून ठेवायची, त्यातच चहा, त्यातच गोळ्या, आमटी-ताकही त्यातच धरायचं. मे महिन्यात ते बर्फाचा एक खडा तोंडात धरून अर्धा तास टीव्ही बघतात. सेंटरवर गेलं की आधी वजन काट्यावर, मागच्या वेळेपेक्षा दोन-अडीच किलो जास्त भरलं की ते सगळं पाणीच, आणि सिस्टर नुसती बघते, बोलत नाही, बाबा चोरी पकडल्यासारखे हसतात. डाव्या मनगटावर फिस्टुला केलाय, म्हणजे रोहिणी आणि नीला जोडून दिली की नीला फुगून जाड होते, तिथे सुया लावायला जमतात. त्यावर बोट ठेवलं तर आत थरथर लागते, मांजर गुरगुरतं ना तशी. रोज सकाळी बाबा तिथे बोट ठेवून बघतात, चालू आहे म्हणाले की मगच चहा. त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, इंजेक्शन द्यायचं नाही, पिशवी लटकवायची नाही.

आणि स्वयंपाक. आईने चाळीस वर्षं जे शिकवलं ते सगळं उलटं. भाजी चिरून, उकळून, पाणी फेकून द्यायचं. ती अजून चुकचुकते, सत्त्व चाललं म्हणते. सत्त्व म्हणजे पोटॅशियम, आणि तेच नको असतं, वाढलं तर हृदय थांबतं. शहाळं बंद, केळं बंद. एक गोष्ट मुद्दाम लिहितो कारण कोकण-गोव्याकडच्यांच्या परसात असते. करमळ, ते चिरलं की चांदणी दिसते ते आंबट फळ. किडनीच्या पेशंटला अजिबात देऊ नका, त्यात मेंदूवर परिणाम करणारा विषारी घटक असतो, चांगली किडनी तो काढून टाकते, आजारी किडनीला जमत नाही. उचकी लागते, भ्रम होतो, फिट येते, माणसं दगावली आहेत. गावाहून कोणीतरी प्रेमाने लोणचं पाठवलं होतं, वेळेवर कळलं.

तीनचाकी

स्लो लोकल, काय बोलू. बाबांना नमस्कार सांगा.

खाडीकाठ

करमळीचं झाड आहे दारात. शेजारच्या काकांना किडनीचाच आजार आहे. आत्ताच जाऊन सांगतो.

खडूफळा

स्लो लोकल, तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं झालं.

बाबांना एक गोष्ट सांगा, आवडेल त्यांना. हे मशीन पहिल्यांदा चाललं ते १९४३ मध्ये, नेदरलंड्सच्या काम्पन गावात, जर्मनांच्या ताब्यात असताना. विलेम कॉल्फ नावाचा तरुण डॉक्टर. सामान मिळत नव्हतं, तर त्याने सॉसेज भरायची सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळली, त्यातून रक्त फिरवलं आणि पिंप मिठाच्या पाण्यात फिरत ठेवलं. युरिया त्या पडद्यातून बाहेरच्या पाण्यात उतरला. सुरुवातीला यश फारसं नाही आलं, मग १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षं जगली.

मस्कतकर

या सगळ्यानंतर हलकं काहीतरी. इथे ओमानमध्ये रास अल जिन्झला समुद्री कासवं अंडी घालायला येतात, रात्री गाइड घेऊन जातो. कासवीण खड्डा करून अंडी घालत होती आणि डोळ्यांतून घट्ट पाणी गळत होतं, वाळू चिकटून गालावर ओघळ. माझी बायको पण रडायला लागली, आईचं मन वगैरे. गाइड म्हणाला मॅडम ती रडत नाहीये, मीठ टाकतेय. समुद्राचं पाणी पिऊन जमलेलं जादा मीठ काढायला डोळ्यांशेजारी ग्रंथी असतात म्हणे, पाण्यात असतानाही चालूच असतं, आपल्याला वाळूवर दिसतं एवढंच. बायको त्याच्यावर जाम चिडली.

खाडीकाठ

आमच्या कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं येतात, त्यांचंही तेच. आणि झाडांत बघायचं तर तिवर. खाडीच्या चिखलात उभं असतं, मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर काढतं. दुपारी उन्हात पान हातात घेऊन बघा, बारीक चमचमणारे कण दिसतील. लहानपणी आम्ही चाटायचो. आई मारायची.

हळदीचा डाग

झाडं पण?? मग अळूचं फदफदं खाऊन घसा खवखवतो ते काय, झाडाची सू?

खडूफळा

हसू नका, जुन्या पुस्तकांत जवळजवळ असंच शिकवायचो आम्ही! अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. डिंक, चीक, पिकून गळणारी पानं हे सगळं झाडाचं उत्सर्जन म्हणून पोरांकडून पाठ करून घेतलं. आता विचाराल तर मी स्वतः तसं सरसकट म्हणणार नाही. त्या सुया खाणाऱ्याला अद्दल घडवायला जास्त उपयोगी आहेत, शिवाय जादा कॅल्शियम ठेवायची जागाही. कचराही असेल, हत्यारही असेल, झाडाला काय आपल्या धड्याचं नाव माहीत. गंमत म्हणजे आपल्याला होणाऱ्या मुतखड्यांत सर्वात जास्त आढळणारा पदार्थ हाच कॅल्शियम ऑक्झलेट. म्हणून खडेवाल्यांना अळू-पालक बेतानेच खायला सांगतात.

आणि साठवायचंच म्हणाल तर झुरळाला तोड नाही. ते आपलं युरिक ॲसिड अंगातल्या चरबीत जपून ठेवतं, तिथे राहणारे बॅक्टेरिया अन्नात प्रथिनं कमी पडली की त्यातलाच नायट्रोजन परत वापरात आणतात. कचरा हीच फिक्स डिपॉझिट.

हळदीचा डाग

म्हणून मरत नाही ते. कळलं. आता माझ्याकडून एक मोती: ३ किलोच्या वरचा कुठलाही सस्तन प्राणी, कुत्रा असो की हत्ती, मूत्राशय रिकामं करायला सरासरी २१ सेकंद घेतो. अमेरिकेत मोजलंय लोकांनी, २०१५ ला इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला देतात ते बक्षीस) पण मिळालं. हत्तीची नळी इतकी लांब आणि रुंद की धबधबाच, त्यामुळे वेळ तेवढाच.

काचेतला मासा

आत्ता मोजून आलो. १९.

तीनचाकी

अपडेट देते. चिरंजिवांना सगळं सांगितलं. त्यांनी आता वही घातली आहे. पाल, कबुतर, सोसायटीतली मनी, सगळ्यांची नोंद चित्रासकट, पांढरं आहे की नाही असा कॉलम. शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना "तुमच्या काचेवर पक्ष्याची सू आहे शी नाही" असं सांगून आलाय. बाई, त्याचा पुढचा प्रश्न, सू पिवळीच का?

खडूफळा

रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. मोडल्या की त्यांच्या लाल रंगाचे तुकडे होत होत पिवळा रंग उरतो, तोच. शीचा तपकिरी रंगही त्याच घराण्यातला. यातला एक टप्पा आतड्यातले बॅक्टेरिया नेमके कोणत्या एन्झाइमने करतात हे २०२४ मध्ये कुठे सापडलं, म्हणजे मी निवृत्त झाल्यावर. वहीत लिहायला सांग.

स्लो लोकल

आज सेंटरवर चार तास बसलो होतो, बाबांना धागा वाचून दाखवला सगळा. मोरीला हसले, कॉल्फची गोष्ट दोनदा वाचायला लावली, मग सिस्टरला बोलावून सॉसेजची नळी सांगितली. पालीचं ऐकून जरा गप्प झाले. म्हणाले, दहा मिलिलिटरमध्ये भागवते? तिचा डाएटिशियन कोण विचार.

खाडीकाठ

बाबा भारी आहेत तुमचे. करमळीचं शेजारी सांगून आलो, त्यांना माहीतच नव्हतं, काकू आमसुलाऐवजी आमटीत घालत होत्या.

मस्कतकर

खाडीकाठ, ते मोरीचं पुढे लिहाच हो. हळद-मीठ-कोकम लावल्यावर काय? वाटण भाजक्या खोबऱ्याचं की ओल्या?